लंपन मोठ्यांच्या कपाटात का?

जयपूरला दर वर्षी साहित्याचा मोठा उत्सव भरतो. 2006 मध्ये डिग्गी पॅलेसच्या आवारात थोडक्या लोकांत सुरू झालेला हा उत्सव आता जवाहरलाल नेहरू मार्गावरच्या क्लार्क्स आमेर हॉटेलात होतो, आणि शहरातल्या शाळांची मुलं गणवेशात, शिक्षकांच्या मागोमाग तिथे येतात. मला हा उत्सव मनापासून आवडतो. जयपूरमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना एरवी एवढी पुस्तकं आणि एवढे लेखक एका जागी कुठे भेटणार? म्हणूनच त्या निमित्ताने दर हिवाळ्यात जे एक विधान कानावर येतं, शाळेत, पालकांच्या गप्पांत, पुस्तकांच्या दुकानात, ते ऐकून मला गप्प बसवत नाही. विधान असं की, भारतीय भाषांत किशोरवयीन मुलांसाठी साहित्य नाही. लहानांसाठी परीकथा आणि बोधकथा आहेत, मोठ्यांसाठी कथा-कादंबऱ्या आहेत. मधल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलांना भाषांनी वाऱ्यावर सोडलं आणि इंग्रजीने सांभाळलं. ‘यंग अॅडल्ट’ नावाचा प्रकार बाहेरून आला, तेव्हा कुठे या मुलांना आपल्याविषयी काही वाचायला मिळालं.

मराठी घरांतली शिकलीसवरलेली माणसं हे मान डोलावून मान्य करतात, हे जास्त लागतं. मी ते मान्य करत नाही. माझं म्हणणं असं आहे की मराठीत हे साहित्य आहे, उत्तम आहे, आणि ते आपण मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवलं आहे. याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे प्रकाश नारायण संत आणि त्यांच्या कथांमधला मुलगा, लंपन.

आधी ‘बाहेरून आलं’ या भागाचा निकाल लावू, कारण त्याला फार वेळ द्यायची गरज नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने या वयाच्या वाचकांसाठी वेगळा विभाग केला तो 1957 मध्ये. एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’ आली 1967 मध्ये, लेखिका तेव्हा अठरा वर्षांची होती. पुष्कळ अभ्यासक या प्रकाराची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे अमेरिकेतही ही गोष्ट जुनीपुराणी नाही. आपल्याकडे पाठ्यपुस्तक मंडळाने 1971 मध्ये मासिक काढलं आणि त्याचं नावच ‘किशोर’ ठेवलं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे शाळकरी वयातच चोरांच्या मागे सायकल हाणत होता आणि मराठी मुलं त्याच्या मागे धावत होती. रस्किन बाँडने ‘द रूम ऑन द रूफ’ सतराव्या वर्षी लिहायला घेतली, ती 1956 मध्ये छापून आली, आणि तिच्यातला मुलगा डेहराडूनच्या बाजारात भटकणारा, घर सोडलेला पोरगा आहे. हे वय आपल्याकडे कुणाला दिसलंच नव्हतं, असं म्हणणाऱ्याने आधी थोडं शोधायला हवं होतं.

पण नुसत्या तारखा दाखवून भागत नाही. प्रकाश नारायण संतांबद्दल वेगळाच आक्षेप घेतला जातो, आणि तो मराठीतले जाणते वाचक घेतात. ते म्हणतात, लंपनच्या कथा सुंदरच आहेत, पण त्या मुलांसाठी नाहीत. त्या मोठ्यांसाठी आहेत. साठीकडे झुकलेल्या माणसाने आपलं बालपण आठवून लिहिलेलं ते स्मरणरंजन आहे. गावाकडची आजी, वाडा, शाळा, सवंगडी यांच्या आठवणीने ज्यांचे डोळे ओले होतात त्यांनी ते वाचावं. या म्हणण्यात वरवर सन्मान आहे, आत मात्र एक मोठी चूक आहे, आणि तिचंच उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे.

लेखकाचं आयुष्य आधी समोर ठेवते. प्रकाश नारायण संत यांचा जन्म 1937 चा. आई इंदिरा संत, मराठीतल्या थोर कवयित्री. वडील नारायण संत हेही लिहिणारे. आईवडिलांच्या कवितांचा ‘सहवास’ हा संग्रह 1940 मध्ये एकत्र निघाला होता. 1946 मध्ये नारायण संत गेले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो आजोळी दत्तक गेला आणि कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित झाला. आई बेळगावात शिक्षिकेचं काम करून संसार ओढत राहिली. पुढे हा मुलगा भूगर्भशास्त्र शिकला, कऱ्हाडच्या महाविद्यालयात त्याने तोच विषय शिकवला. साठच्या दशकात त्याने काही कथा लिहिल्या, त्या ‘सत्यकथा’ मासिकात आल्या, आणि मग लिहिणं जवळजवळ थांबलं ते तीसएक वर्षं. 1994 मध्ये मौज प्रकाशनाने ‘वनवास’ काढलं तेव्हा लेखक सत्तावन्न वर्षांचा होता. मग 1997 मध्ये ‘शारदा संगीत’, 2001 मध्ये ‘पंखा’, 2002 मध्ये ‘झुंबर’. 2003 मध्ये लेखक गेला. हयातीत प्रसिद्ध झालेले हे चार कथासंग्रह, आणि चारही एका मुलाचे.

सत्तावन्नाव्या वर्षी पहिलं पुस्तक निघतंय. सगळी नोकरी, सगळे सरकारी कागद दीक्षित या नावाने. आणि मुखपृष्ठावर नाव छापायची वेळ येते तेव्हा हा माणूस जन्माचं नाव घालतो, आणि त्या नावाच्या मधोमध नवव्या वर्षी गमावलेल्या बापाचं नाव असतं. हे करणारा माणूस रम्य आठवणींत रमलेला आहे असं मला वाटत नाही. वयाच्या नवव्या वर्षी जे तुटलं, ते जिथे तुटलं त्या जागेवर तो परत जाऊन उभा राहिला आहे.

आता कथा बघा. लंपन आजीआजोबांकडे राहतो. आईवडील दुसऱ्या गावी. आजीआजोबा त्याच्यावर जीव टाकतात, घरात कशाला कमी नाही, मित्र आहेत, खेळ आहे, गाणं आहे, वाचन आहे, आणि मैत्रीण सुमी आहे. पण आई तिथे नाही. आपल्याला इथे का ठेवलं, हे त्याला कुणी नीट सांगत नाही, आणि तो विचारतही नाही. तो या प्रश्नाच्या भोवती फिरत राहतो. पहिल्या पुस्तकाचं नाव ‘वनवास’ आहे, हे स्मरणरंजनाची गोडी चाखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं. आजोळी इतकी माया मिळत असताना लेखकाने त्या दिवसांना वनवास म्हटलं. पुढे कुठल्या तरी टप्प्यावर वडिलांच्या जाण्याची गोष्ट येते, आणि जे मूल तोवर आईच्या दूर असण्याशी झुंजत होतं, ते एका अशा दूरपणाशी येऊन ठेपतं ज्याला परतीची गाडीच नाही.

स्मरणरंजनाची एक खूण असते. त्यात सांगणारा आजच्या वयाचा असतो. त्या वेळी मला कळलं नव्हतं पण आज कळतं, असा सूर त्यात हमखास लागतो. लंपनच्या कथांत हा सूर नाही. सांगणारा लंपन आहे, त्या वेळच्या वयाचा, आणि पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नाही. मोठा झालेला लेखक खांद्यावरून डोकावून काही समजावत नाही, माफ करत नाही, हळहळत नाही. लंपनला ज्याचा अर्थ लागत नाही त्याचा अर्थ तो लावत नाही, आणि तो प्रसंग तसाच पुढे जातो. त्याची एक सवय सगळ्या वाचकांना ठाऊक आहे: तो प्रत्येक गोष्टीला आकडा लावतो. कुठलीही साधी गोष्ट त्याच्या तोंडी शेकडो वेळा, हजारो वेळा झालेली असते, आणि आकडाही गोल नसतो, चांगला विचित्र असतो. मोठी माणसं हे वाचून हसतात आणि किती गोड म्हणतात. मला त्यात गोडपणापेक्षा धडपड दिसते. ज्या मुलाला आपल्या आत काय चाललंय ते सांगायला शब्द मिळत नाहीत, ते मूल मोजदाद करतं. सुमी जवळ आली की त्याला काहीतरी होतं आणि ते काय आहे हे त्याला कळत नाही. त्याला प्रेम वगैरे नाव तो देत नाही, लेखकही देत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला हे असंच होतं. चाळिशीतल्या माणसाला ते आठवताना त्याचं नाव आधीच माहीत असतं, म्हणून त्याला गोड वाटतं.

‘श्यामची आई’शी तुलना केली तर हे फार स्वच्छ दिसतं. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 1935 मध्ये ते आलं. तिथे मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आपल्या आईच्या गोष्टी सांगतो. सांगणारा मोठा आहे, त्याला अर्थ कळलेला आहे, आणि तो प्रत्येक रात्री तो अर्थ हातात ठेवतो. मला त्या पुस्तकाविषयी नितांत आदर आहे. पण आठवणीतून सांगणं म्हणजे स्मरणरंजन असं मानलं तर ते माप ‘श्यामची आई’ला लागतं, लंपनला लागत नाही. आणि आपण केलं काय? मोठ्या माणसाच्या तोंडून येणारं पुस्तक तीन-चार पिढ्या मुलांच्या हाती दिलं, आणि मुलाच्या तोंडून येणारं पुस्तक मोठ्यांसाठी राखून ठेवलं.

दुसरा आक्षेप काळाचा. आजच्या मुलाला बेळगावकडचं ते जुनं गाव, हुतूतू, गाण्याची शाळा, आजोबांचा दिनक्रम कसा भिडणार? त्याच्या हातात फोन आहे. राजस्थानात राहून हा आक्षेप ऐकताना मला राग येतो. जयपूरपासून कोटा काही फार दूर नाही. दर वर्षी हजारो मुलं, पंधरा-सोळा-सतरा वर्षांची, महाराष्ट्रातलीही, क्लाससाठी तिथे खोली घेऊन राहतात, कारण मोठ्यांनी ठरवलं की त्यांनी तिथे राहायचं. जयपुरात गोपालपुरा बायपासवर संध्याकाळी जाऊन उभं राहा. क्लास सुटले की पाठीवर दप्तर टाकलेल्या मुलांचा लोंढा रस्त्यावर येतो. चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात, मेसच्या जिन्यावर ती उभी असतात, आणि त्यातली निम्मीअधिक दुसऱ्या गावाहून आलेली असतात. त्यांना पैसे वेळेवर येतात, डबा येतो, रोज फोन येतो. आणि तरी त्यांना कुणी तरी इथे आणून ठेवलेलं आहे. आई दुसऱ्या गावात आहे हे ज्या मुलाचं रोजचं वास्तव आहे, त्याला लंपन जुना वाटेल असं म्हणणाऱ्याने त्या मुलाशी बोलून पाहिलं आहे का? फोनने फक्त एवढंच होतं की आईचा आवाज रोज ऐकू येतो. ती तिथे आहे आणि मी इथे आहे, हे त्याने मिटत नाही.

जोहरी बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत सोन्याचांदीच्या गलाईचं काम करणारं एक कुटुंब माझ्या ओळखीचं आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. त्या बाजूची गलाईवाली माणसं सगळ्या देशभर पसरली आहेत. त्यांची मुलगी चौदा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते, अमेरिकन किशोर-कादंबऱ्यांचा फडशा पाडते, आणि घरात बोलते ती मराठी विट्याकडची, पण मधेमधे हिंदी आणि जयपुरी ढूंढाडी मिसळलेली. तिला मी ‘वनवास’ वाचायला दिलं. मराठी वाचायचा सराव कमी, म्हणून पहिली काही पानं तिने मला मोठ्याने वाचून दाखवली. थोड्या वेळाने थांबून म्हणाली, “काकू, हा आमच्यासारखाच बोलतो की. मधेच दुसरं काहीतरी घुसवतो.” लंपनच्या मराठीत कानडी मिसळलेली आहे. त्यातला कानडी शब्द तिला एकही ठाऊक नव्हता आणि एकाही ठिकाणी ती अडली नाही, कारण घरात दोन भाषा नांदत असल्या की बोलणं कसं वळतं, ते तिला पुस्तकाबाहेरून माहीत होतं. पुण्यातल्या वाचकाला जे सीमाभागाचं वैशिष्ट्य वाटतं, ते जयपूरच्या मराठी मुलीला तिचं रोजचं बोलणं वाटलं.

पुस्तक संपवून आली तेव्हा तिचा प्रश्न एकच होता. “त्याला त्याची आई घेऊन का नाही जात? आणि कुणीच त्याला का नाही सांगत?” लंपनवर मी मोठ्या माणसांशी कितीतरी गप्पा मारल्या आहेत. आजी किती गोड, आजोबा किती छान, ती भाषा किती लाघवी, यावर तासन्‌तास बोलणं होतं. हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. चौदा वर्षांच्या मुलीने तो पहिला विचारला. मग हे पुस्तक नक्की कुणाचं?

इंदिरा संतांच्या कवितेत विरह आहे, नवऱ्याच्या जाण्यानंतरचा एकाकीपणा आहे, हे मराठी समीक्षेने फार मनापासून अभ्यासलं. त्याच घटनेची दुसरी बाजू, मुलाची बाजू, लंपनच्या कथांत आहे. 1946 च्या त्या मृत्यूने एक घर मोडलं. आईने तिचं दुःख मोठ्यांच्या भाषेत लिहिलं आणि मुलाने मुलाच्या भाषेत. आईचं लिखाण प्रौढांचं म्हणून आपण गंभीरपणे वाचलं. मुलाचं लिखाण मात्र त्याचं वय बाजूला काढून, आपल्या वयाचा साज चढवून वाचलं. 2024 मध्ये सोनी लिव्हवर निपुण धर्माधिकारींनी दिग्दर्शित केलेली ‘लंपन’ ही मालिका आली, त्या वर्षी गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला उत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. मला फार आनंद झाला. पण कौतुकाचा सूर पुन्हा तोच: आमचं बालपण आठवलं.

एक आक्षेप मात्र मी हलक्यात घेणार नाही. तो असा की, लंपनचं घर सुखवस्तू, पांढरपेशं आहे. त्यात जात नाही, उपासमार नाही, मार नाही. अशा घराची गोष्ट मराठी मुलांची प्रातिनिधिक गोष्ट म्हणून कशी पुढे करता? आक्षेप खरा आहे. लंपनचं घर एका विशिष्ट थरातलं आहे आणि त्या घराला जे दिसत नाही ते कथांतही दिसत नाही. सुमीदेखील आपल्याला लंपनच्याच नजरेतून दिसते. तिच्या बाजूने कुणी लिहिलं असतं तर मला फार हवं होतं. म्हणून मी लंपन एकटा पुढे करत नाही. ‘वनवास’ ज्या 1994 सालात आलं, त्याच साली किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ आलं. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा. आई दुसऱ्या गावी गेलेली. पोरगा आजोबांच्या घरी वाढतोय, आणि ते घर लेकींच्या नाचण्यावर पोसलं जातंय. तिथे माया नाही, तिथे कष्ट आहेत, टोमणे आहेत, आणि त्यातून शाळा, मग वैद्यकीय शिक्षण. पुस्तक लिहिलं तेव्हा लेखक जेमतेम पंचविशीत होता. म्हणजे या वयाला इतक्या जवळून लिहिणारा मराठीत दुसरा सहसा सापडणार नाही.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून पाहा. दोन्हीत आजोळी ठेवलेलं पोर आहे. दोन्हीत आई दुसऱ्या गावी आहे आणि पोराचा जीव तिच्याकडे लागलेला आहे. एका लेखकाने आपल्या नावात गेलेल्या बापाचं नाव परत घेतलं, दुसऱ्याने आईचं नाव लावलं. एका घरात दूध आणि दुसऱ्या घरात शिळं. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच दुःखाच्या दोन टोकांची दोन पुस्तकं आली, आणि आपण एकावर ‘स्मरणरंजन’ आणि दुसऱ्यावर ‘आत्मकथन’ अशी चिठ्ठी लावून दोन्ही मोठ्यांच्या कपाटात टाकली. एकमेकांच्या शेजारीसुद्धा नाही ठेवली. मग म्हणायला मोकळे, की मराठीत किशोरांसाठी काही नाही! ‘कोल्हाट्याचं पोर’ मुलांना झेपणार नाही असं सांगितलं जातं. ज्या वयाच्या पोराने ते सोसलं, त्या वयाच्या मुलांना ते वाचायला झेपणार नाही, हे मला पटत नाही. शिक्षकाने सोबत बसून वाचावं, एवढी सूचना मी मान्य करते. दहा वर्षांनी, 2004 मध्ये मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आली, आणीबाणीतली, नववीतल्या मुलांची. तीही प्रौढांची कादंबरी म्हणूनच आली. तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हा मात्र शाळकरी मुलांनी ती आपणहून ओढून घेतली, कुणाची परवानगी न विचारता.

लेखकाने स्वतः ‘हे मुलांसाठी’ असं कुठे म्हटलं आहे, असा कायदेशीर थाटाचा प्रश्नही मला विचारला गेला आहे. सॅलिंजरनेही म्हटलं नव्हतं. ‘द कॅचर इन द राय’ 1951 मध्ये मोठ्यांची कादंबरी म्हणून आली, आणि आज जगातल्या कुठल्याही ‘यंग अॅडल्ट’ यादीत ती आहे, कारण सोळा वर्षांच्या मुलांनी तिच्यातला आवाज आपला म्हणून ओळखला. पुस्तक कुणाचं हे लेखकाच्या हेतूवर थोडं आणि वाचणाऱ्यावर जास्त ठरतं. आपल्याकडे मुलांना ओळखायची संधीच मिळाली नाही. ते पुस्तक दिवाणखान्यात काचेच्या मागे होतं, बाबांचं किंवा आत्याचं म्हणून, आणि मुलांच्या खोलीत विज्ञानाचे प्रयोग आणि थोरांची चरित्रं होती.

म्हणून माझं भांडण जयपूरच्या उत्सवाशी फार थोडं आहे. तिथे ‘यंग अॅडल्ट’ म्हणून मांडलेल्या पुस्तकांत मराठी नसेल तर तो दोष त्यांचा आहे, पण त्यांना विचारल्यावर कुठलं पुस्तक ठेवू असं त्यांनी उलट विचारलं, तर आपल्यापैकी किती जण चटकन उत्तर देतील? उत्सवाच्या संचालकांपैकी नमिता गोखले स्वतः मुलांसाठी आणि किशोरांसाठी लिहितात. घटोत्कचाला घेऊन त्यांनी किशोर-कादंबरी लिहिली आहे. हे वय त्यांना परकं नाही. त्यांच्यासमोर लंपन ठेवायचं काम मराठी प्रकाशकांनी, मंडळांनी, शिक्षकांनी करायचं आहे. चांगला अनुवाद हवा, आणि तो करणाऱ्याने लंपनचे विचित्र आकडे आणि मिसळलेली बोली सपाट करू नये. मराठीतच मुलांसाठी वेगळी आवृत्ती हवी: अक्षर थोडं मोठं, मुखपृष्ठावर एक मुलगा, मलपृष्ठावर समीक्षकांची वाक्यं नकोत. कानडी शब्दांच्या अर्थांची यादी शेवटी देऊ नका. जोहरी बाजारातली मुलगी तिच्यावाचून अडली नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कपाटात मुलांचा एक खण आहे. त्यात गेल्या वर्षापासून लंपनची चारही पुस्तकं आणि ‘कोल्हाट्याचं पोर’ एकमेकांना लागून ठेवली आहेत. एका सदस्याने हरकत घेतली, की दुसरं पुस्तक त्या खणात शोभत नाही. त्यावर बैठकीत बरंच बोलणं झालं. पुस्तक तिथेच आहे. सध्या ते खणात दिसत नाही, कारण दहावीतला एक मुलगा ते घेऊन गेला आहे आणि त्याच्या मागे आणखी दोघांनी नावं नोंदवली आहेत.